अनवाणी चालीचा अभ्यास : चम्मक्खन्धकातील नियम आणि पायांचे शरीरविज्ञान

विनयपिटकाच्या महावग्गात ‘चम्मक्खन्धक’ नावाचे एक प्रकरण आहे. ‘चम्म’ म्हणजे चामडे. भिक्खूंनी चामड्याच्या कोणत्या वस्तू वापराव्यात व कोणत्या वापरू नयेत, याविषयीचे नियम त्यात एकत्र केलेले असून त्यांतील पुष्कळसे पायांतल्या वहाणांविषयी आहेत. त्रिपिटकाचे वाचन करणारे उपासक सुत्तपिटकाकडे स्वाभाविकपणे अधिक ओढले जातात. वहाणेचा तळ किती पदरांचा असावा असल्या चर्चेत धम्माचे काय असणार, असे त्यांस वाटते. परंतु शहरांतील बागांमधून आणि खेड्यांतील रस्त्यांवरून अनवाणी चालण्याचा व धावण्याचा जो नवा उत्साह अलीकडे दिसतो, त्याकडे पाहताना आम्हांस या प्रकरणाची पुन्हा पुन्हा आठवण होते. जोडे टाकून दिले की गुडघेदुखी जाते, रक्तदाब उतरतो, भूमीतून शक्ती मिळते, असे सांगणारे लोक पुष्कळ झाले आहेत. अनवाणी चालणे म्हणजे निव्वळ मागासलेपण, असे तितक्याच ठामपणे मानणारेही आहेत. पायांचे शरीरविज्ञान याविषयी काय सांगते, आणि पादत्राणांवाचून चालण्याची सवय शरीरास अपाय न होता कशी लावता येते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

सोणाचे पाय

चंपा नगरीत एका श्रेष्ठीच्या घरी जन्मलेला सोण कोळिविस इतका सुकुमार वाढला होता की त्याच्या तळव्यांवर केस उगवले होते, असे विनयात म्हटले आहे. मगधाचा राजा बिंबिसार याने ते पाय पाहण्याच्या कुतूहलाने त्यास राजगृही बोलावून घेतले. केसांच्या गोष्टीत अतिशयोक्ती मानली, तरी तिचा आशय स्पष्ट आहे : या तळव्यांना जमिनीचा स्पर्श कधी घडलाच नव्हता. राजगृहास आलेल्या सोणाने भगवंतांचा उपदेश ऐकला, प्रव्रज्या घेतली आणि सीतवनात राहून तो चंक्रमण करू लागला. चंक्रमण म्हणजे ठरावीक पट्टीवर सजगतेने मागे-पुढे चालत राहणे. सोणाने ते अतिरिक्त निष्ठेने केले. त्याचे तळवे फुटले आणि चंक्रमणाची वाट रक्ताने माखली. इतके करूनही चित्त मुक्त होत नाही हे पाहून त्याच्या मनात गृहस्थाश्रमात परतण्याचा विचार आला.

यानंतरचा वीणेचा दृष्टान्त आमच्या वाचकांस पाठ आहे. तारा फार ताणल्या तर वीणा वाजत नाही, फार सैल सोडल्या तरी वाजत नाही, वीर्याचेही तसेच. दृष्टान्त सर्वत्र सांगितला जातो, पण त्याला निमित्त फुटलेल्या तळव्यांचे होते, हे आपण सहसा विसरतो. पुढे सोण अर्हत्पदाला पोहोचल्यावर भगवंतांनी त्यास ‘एकपलासिक’, म्हणजे एकपदरी तळाची वहाण वापरण्याची अनुज्ञा दिली, हा भाग तर क्वचितच कोणी सांगतो. तळवे दगडासारखे होईपर्यंत चालत राहा, असे तथागतांनी सांगितले नाही. पाय सुकुमार आहे ही वस्तुस्थिती त्यांनी मान्य केली आणि पाय व जमीन यांच्यामध्ये चामड्याचा एक पदर ठेवला. दुपदरी, तिपदरी व बहुपदरी वहाणांना मात्र त्या वेळी मनाई झाली.

अंगुत्तरनिकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. दूरचा प्रवास झेपतो, परिश्रम झेपतात, आजार कमी होतात, अन्न नीट पचते आणि चालताना लाभलेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते. पाचांपैकी चार लाभ उघडउघड शरीराचे आहेत. चालण्याकडे शरीरहिताच्या दृष्टीने पाहणे हे काही परकीय विचारांचे कलम नव्हे, एवढ्यासाठीच त्यांचा येथे उल्लेख केला.

जोड्याने काय होते

माणसाच्या एका पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात. त्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध व हलविणारे स्नायू मिळून पायाची कमान तयार होते. वजन पडले की ती किंचित दबते, पाऊल उचलले की पुन्हा वर येते. जाड व कडक तळाच्या, पुढून निमुळत्या बुटात हे काम पुष्कळ अंशी बूटच करतो. बोटांना पसरण्यास जागा उरत नाही आणि तळव्यातील लहान स्नायूंना श्रम पडत नाहीत. धावण्याच्या नेहमीच्या बुटात टाच चवड्यापेक्षा सुमारे एक सेंटिमीटर उंच असते. वर्षानुवर्षे असे बूट वापरणाऱ्याची पोटरी आणि टाचेमागील जाड कंडरा यांना पुरते ताणले जाण्याची सवय राहत नाही. हा माणूस एके दिवशी बूट काढून धावू लागला, तर त्याची टाच त्या एका सेंटिमीटरने खाली येते आणि तेवढा जादा ताण त्या कंडरेवर पडतो. अनवाणी धावण्यास नव्याने आरंभ करणाऱ्यांच्या तक्रारी पोटरीपासून का सुरू होतात, याचे उत्तर येथे आहे.

याविषयी भारतात झालेली एक पाहणी विशेष लक्षणीय आहे. १९९२ साली उदय भास्कर राव आणि बेंजामिन जोसेफ या डॉक्टरांनी ४ ते १३ वर्षे वयाच्या २३०० मुलांचे पावलांचे ठसे तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचे प्रमाण ८.६ टक्के, तर अनवाणी मुलांत २.८ टक्के आढळले. त्यातही बंद बूट घालणाऱ्यांत ते सर्वाधिक होते आणि चपला-सँडल वापरणाऱ्यांत त्याहून कमी. म्हणजे दोष पाय झाकण्याचा नसून पाय कोंडण्याचा आहे, असा अर्थ त्यातून काढता येतो. मोकळी, पातळ तळाची चप्पल ही कोंडलेला बूट व उघडा पाय यांच्या मधली अवस्था होय, आणि एकपलासिक वहाणेची जागा हीच आहे.

२०१० साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे डॅनियल लिबरमन व त्यांचे सहकारी यांनी ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने या विषयाला जगभर प्रसिद्धी मिळवून दिली. बूट घालून धावणारे बहुधा टाचेवर उतरतात आणि प्रत्येक पावलागणिक एक धक्का हाडांतून वर जातो. लहानपणापासून अनवाणी धावणारे बहुधा चवड्यावर किंवा पावलाच्या मध्यभागावर उतरतात, व तो तीव्र धक्का बव्हंशी टळतो. मात्र या निष्कर्षाचा नियम करून टाकण्याची घाई पुष्कळांनी केली. २०१३ साली उत्तर केनियातील दासानाच या सदैव अनवाणी राहणाऱ्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या नेहमीच्या, बेताच्या गतीने धावताना त्यांच्यातील बहुतेक जण टाचेवरच उतरत होते. गती वाढली की ते प्रमाण घटत असे. तात्पर्य, ‘नैसर्गिक’ धावण्याची एकच एक पद्धत नाही. गती, जमीन आणि सवय यांवर ती अवलंबून असते. चवड्यावर धावा असा हट्ट धरून पोटऱ्या दुखावून घेण्यात अर्थ नाही.

इथिओपियाचा धावपटू अबेबे बिकिला याचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. १० सप्टेंबर १९६० रोजी रोमच्या ऑलिंपिकमध्ये तो मॅरेथॉन अनवाणी धावला आणि २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत त्याने ती जिंकली. आफ्रिकेच्या एका गरीब देशातील अंगरक्षक दलाचा शिपाई, ज्या इटलीने त्याच्या देशावर स्वारी केली होती तिच्याच राजधानीत, उघड्या पायांनी पहिला आला, हे दृश्य कोणाही पीडिताचे मन उंचावणारे आहे. परंतु चार वर्षांनी, १९६४ साली, टोकियो येथे त्यानेच बूट घालून २ तास १२ मिनिटे ११ सेकंदांत पुन्हा सुवर्णपदक मिळविले, हे सांगावयास लोक विसरतात. अनवाणी धावण्यास त्याचे पाय रोमपूर्वीच सरावलेले होते. विजय त्या सरावाचा होता. उघड्या पायांत काही अद्भुत सामर्थ्य होते म्हणून नव्हे.

घाई का नको

त्वचा, स्नायू, कंडरा आणि हाड हे चारही घटक नव्या श्रमाला जुळवून घेतात, पण एकाच वेगाने नव्हे. सारे मर्म यात आहे. तळव्याची त्वचा काही आठवड्यांतच जाड होऊ लागते. अशा जाड त्वचेमुळे पायाची संवेदना बोथट होते, असा समज होता. केनियातील व अमेरिकेतील माणसांच्या तळव्यांची तपासणी करून २०१९ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तो खोडून काढला आहे, सरावाने जाड झालेला तळवा रक्षणही करतो आणि जमीनही ओळखतो. स्नायूंना बळ येण्यास दीड-दोन महिने लागतात. कंडरा त्याहून सावकाश बदलतात. हाडांची तऱ्हा निराळीच आहे. नवा भार पडू लागला की हाड प्रथम आपला जुना, झिजलेला अंश काढून टाकते व मग त्या जागी नवा भरते. हे चक्र पुरे होण्यास तीन-चार महिने लागतात. जुने काढलेले आहे आणि नवे अजून भरलेले नाही, अशा मधल्या काळात हाड पूर्वीपेक्षाही कच्चे असते. नेमक्या याच वेळी त्वचा जाड झालेली असते, स्नायूंत जोम आलेला असतो आणि माणसास वाटते की आता आपल्याला जमले. तो अंतर दुप्पट करतो आणि पावलाच्या हाडाला बारीक तडा जातो.

हा प्रकार वैद्यकास जुनाच परिचित आहे. प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टराने १८५५ साली, नव्याने भरती झालेल्या शिपायांचे पाय कूच करून सुजतात, याची नोंद केली. क्ष-किरणांचा शोध लागल्यावर त्या सुजेच्या मुळाशी चवड्याच्या हाडांतील तडे आहेत हे दिसून आले, आणि त्यास ‘मार्च फ्रॅक्चर’ असे नाव मिळाले. २०१३ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात ३६ अनुभवी धावपटूंचा १० आठवडे अभ्यास करण्यात आला. त्यांतील ज्यांनी बोटे सुटी असलेल्या, कागदासारख्या पातळ तळाच्या जोड्यांची सवय लावून घेतली, त्यांपैकी निम्म्याहून किंचित अधिक जणांच्या पावलांतील हाडांत अंतर्गत सूज वाढलेली आढळली. हे नवशिके नव्हते, आणि त्यांना हळूहळू जाण्याच्या सूचनाही मिळालेल्या होत्या. दहा आठवडे हा कालावधीच अपुरा होता. असे जोडे विकणाऱ्या व्हिब्रम कंपनीने त्यांच्या आरोग्यलाभांची जी जाहिरात केली होती, तीवरून अमेरिकेत दावा होऊन २०१४ साली तिला ग्राहकांसाठी ३७ लाख ५० हजार डॉलरची तडजोड करावी लागली.

हा मुद्दा आमच्या वाचकांच्या घरात शिरणारा आहे. महाराष्ट्रातील पोलीस शिपाई भरतीच्या शारीरिक चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. भरतीची जाहिरात निघाली की वस्त्या-वस्त्यांतून मुले पहाटे डांबरी रस्त्यावर धावू लागतात. चांगले बूट परवडत नाहीत म्हणून कोणी अनवाणी धावतो. कोणी चलचित्र पाहून किंवा मित्राचे ऐकून, अनवाणी धावल्याने वेळ सुधारतो या समजुतीने बूट काढतो. जाहिरात आणि चाचणी यांच्यामध्ये हाडाला लागणारा अवधी बहुधा नसतो. नडगीत कळ येते, मुलगा दुखण्यावर पट्टी बांधून धावतो आणि चाचणीच्या दिवशी लंगडतो. ज्या घराची सारी आशा त्या दीड किलोमीटरवर असते, तेथे ही हानी पायापुरती राहत नाही. म्हणून आम्ही स्पष्टच लिहितो : ज्याचे पाय बुटाला सरावले आहेत, त्याने चाचणी तीन-चार महिन्यांच्या आत असेल तर अनवाणी धावण्याचा प्रयोग आरंभू नये. उलट, लहानपणापासून अनवाणीच धावत आलेल्या मुलाने चाचणीच्या आठवड्यात कोणी भेट दिलेले नवे जाड बूट एकदम चढवू नयेत. त्याचेही पाय गोंधळतील.

क्रम

ज्यास अवधी आहे आणि इच्छा आहे, त्याने प्रारंभ चालण्याने करावा. धावण्याचा विचार पहिले दोन महिने बाजूला ठेवावा. पहिले दोन आठवडे घरात व विहाराच्या सभागृहात उघड्या पायांनी वावरावे. विहारात आपण जोडे बाहेर ठेवतोच. तेथे वंदनेनंतर दहा-पंधरा मिनिटे फरशीवर सावकाश चंक्रमण करावे. प्रत्येक पावलाबरोबर टाच, कड, चवडा आणि बोटे क्रमाने टेकतात की नाही इकडे चित्त ठेवावे. सतिपट्ठानाचा अभ्यास करणाऱ्यास हे वेगळे शिकवावे लागत नाही. याच काळात भिंतीला हात लावून चवड्यांवर उभे राहण्याचा आणि टाचा सावकाश खाली आणण्याचा व्यायाम रोज करावा. आधी दोन्ही पायांवर, पुढे एका पायावर. एका पायावर वीस-पंचवीस वेळा हे विनासायास जमू लागले म्हणजे पोटरी पुढच्या श्रमास तयार झाली असे समजण्यास हरकत नाही. बोटे पसरणे, बोटांनी जमिनीवरचा पंचा ओढून गोळा करणे, हे व्यायाम बसल्या बसल्या होतात.

नंतर बाहेर पडावे. सर्वसाधारण समजूत अशी की आरंभ मऊ हिरवळीवर करावा. आम्हांस ते तितकेसे पटत नाही. गवतात काटा, काच, खिळा दडून राहतो, आणि मऊ जमिनीवर पाऊल कसेही आपटले तरी चूक कळत नाही. मऊ वाळूत तर टाच खोल रुतून कंडरेवर अवाजवी ताण येतो. झाडलेले अंगण, शाळेचे चोपलेले मातीचे मैदान, गुळगुळीत फरसबंदी अशी कठीण पण स्वच्छ व दिसणारी जमीन आरंभास बरी. तेथे पाऊल आपटले की तळवा तत्काळ सांगतो, आणि माणूस आपोआप हलके चालू लागतो. एक दिवसाआड, प्रथम ४०० मीटर, मग आठवड्याला थोडे थोडे वाढवीत महिन्या-सव्वा महिन्यात दीड-दोन किलोमीटर, एवढी गती पुरेशी आहे. उरलेले चालणे नेहमीच्या पादत्राणांतच करावे. मे महिन्यातील दुपारी डांबरावर चालणे हा सराव नव्हे. त्याने फोड येतात व चार आठवड्यांची कमाई एका दिवसात जाते. नवसापोटी वर्षातून एकदाच जोडे सोडून मैलोन् मैल चालणाऱ्यांच्या पायांची अवस्था आपण पाहतोच.

तीन किलोमीटर अनवाणी चालूनही दुसऱ्या दिवशी पाय दुखत नाहीत, असे सलग दोन-तीन आठवडे आढळले, तर चालण्याच्या मध्येच एखादे मिनिट धावून पाहावे. पावले आखूड, झपझप व हलकी असावीत. पाऊल शरीराच्या पुढे दूर न टाकता शरीराखालीच टेकावे. कानांनी ऐकावे. धप्पधप्प आवाज येत असेल तर काहीतरी चुकते आहे. पहिल्या महिन्यात अनवाणी धावणे एका वेळी ४०० मीटरच्या पलीकडे नेऊ नये. नंतरही आठवड्यास एक-दशांशाहून अधिक वाढ करू नये. पूर्ण संक्रमणास सहा महिने ते एक वर्ष लागते. पुष्कळांना ते पूर्ण करण्याची आवश्यकताही नसते. आठवड्यातून दोन वेळा थोडे अनवाणी चालून पाय बळकट राखावेत आणि एरवी बूट घालून धावावे, हा मार्ग बहुसंख्यांस पुरेसा आहे. मधल्या काळासाठी पातळ, टाच न उंचावलेली, पायाला बांधून बसणारी चप्पल उत्तम. मेक्सिकोतील रारामुरी लोक टायरच्या तुकड्यांपासून केलेल्या असल्या वहाणा बांधून डोंगरदऱ्यांतून प्रचंड अंतरे धावतात. आपल्याकडील टायरच्या चपलेला मात्र आपण कधी प्रतिष्ठा दिली नाही. सैल रबरी स्लिपर या कामास निरुपयोगी. ती सांभाळण्यासाठी बोटे सतत आकसून धरावी लागतात.

पोटरी जड होणे, तळव्यांना हुळहुळ लागणे, एवढे चालेल. पावलाच्या वरच्या बाजूस बोट ठेवून दाखविता येईल अशी एका जागी दुखणारी हाडाची कळ, सकाळी उठल्यावर टाचेमागे ताठरपणा, बिछान्यातून उतरताना पहिल्या पावलाला टाचेत टोचणे, यांपैकी काही दिसले तर अनवाणी चालणे त्याच दिवशी थांबवावे. हाडाची कळ विसाव्यानेही दोन-तीन दिवसांत न शमल्यास अस्थितज्ज्ञास दाखवावे.

ज्यांनी हा अभ्यास करूच नये, अशांचाही निर्देश आवश्यक आहे. मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांच्या तळव्यात खिळा शिरला तरी कळत नाही, आणि त्या जखमेचा शेवट पाय कापण्यात होऊ शकतो. ज्यांस मधुमेह आहे त्यांनी आधी डॉक्टरकडून पायांची संवेदना तपासून घ्यावी; घरातदेखील त्यांना मऊ चप्पल हितकर असते. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायांचेही तसेच. अशा रुग्णांना सरकारी दवाखान्यातून मऊ रबराची एमसीआर चप्पल मिळते ती याच कारणासाठी, आणि ती घालण्यात संकोच मानू नये. जेथे उघड्यावर शौच होते तेथील ओलसर मातीतून अंकुशकृमीच्या अळ्या तळव्याच्या त्वचेतून शरीरात शिरतात व रक्तक्षय घडवून आणतात. पुराच्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने त्याचा अनुभव घेतला. धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असावी, हे सांगणे नलगे.

पत्करलेले आणि लादलेले

येथे एक भेद केल्यावाचून पुढे जाता येत नाही. आपल्या पूर्वजांना गावातील सवर्णांच्या वाड्यांवरून जाताना पायांतील वहाण काढून हातात घ्यावी लागे. ज्यांनी मेलेल्या जनावरांची कातडी सोलली, कमावली आणि साऱ्या गावाच्या वहाणा शिवल्या, त्यांनाच त्या घालून चालण्याची बंदी होती. त्यामुळे आपल्या समाजात पायांतला जोडा ही केवळ सोयीची वस्तू राहिली नाही. वयोवृद्ध उपासकांना अनवाणी चालण्याचे गोडवे ऐकून चीड येते, ती अगदी सयुक्तिक आहे. १९९२ च्या पाहणीचा आधार घेऊन, जिल्हा परिषदेच्या शाळेत येणाऱ्या अनवाणी मुलाला चपलेची गरजच नाही, असे कोणी म्हणू लागला तर तो विज्ञानाचा दुरुपयोग होईल. त्या मुलाने मैदानात चप्पल काढून खेळावे. पण काढण्यासाठी त्याच्याजवळ चप्पल असली पाहिजे. गटारात उतरविल्या जाणाऱ्या सफाई कामगाराला तर गमबुटांवाचून उभे करणे हाच गुन्हा समजला पाहिजे.

सोणाच्या कथेचा उर्वरित भाग या भेदावर प्रकाश टाकतो. एकपदरी वहाणेची अनुज्ञा त्याला एकट्याला मिळाली, तेव्हा ती त्याने स्वीकारली नाही. आपण अफाट संपत्ती सोडून आलो आणि आता वहाणेला चिकटलो असे लोक म्हणतील; अनुज्ञा साऱ्या संघाला असेल तरच आपण ती वापरू, अशी त्याची भूमिका होती. भगवंतांनी ती मान्य केली आणि श्रेष्ठिपुत्राच्या नाजूक पायांसाठी निघालेली सवलत प्रत्येक भिक्खूची झाली. यानंतरचे नियम पाहिले तर ते सारे कोणा ना कोणाच्या दुखऱ्या पायाला पाहून केलेले दिसतात. गुरुजन अनवाणी चंक्रमण करीत असता शिष्यांनी वहाणा घालून चालू नये असे ठरले. पण ज्याचे पाय दुखतात, फुटले आहेत किंवा ज्यास कुरूप झाले आहे, त्याला सूट मिळाली. रात्री अंधारात खुंट व काटे लागतात म्हणून विहाराच्या आवारात वहाणा, मशाल, दिवा आणि काठी यांची अनुज्ञा झाली. लाकडी खडावांना मात्र मनाई झाली, कारण पहाटे त्यांच्या खडखडाटाने इतरांचे ध्यान मोडे व पायांखाली किडे चिरडत.

आपल्या भूमीशी संबंध असलेला प्रसंग तर याच प्रकरणाच्या शेवटी येतो. अवंतीत राहणाऱ्या महाकच्चान थेरांनी आपला शिष्य सोण कुटिकण्ण याच्याबरोबर भगवंतांकडे पाच विनंत्या पाठविल्या. त्यांतील एक अशी की अवंती-दक्षिणापथाची जमीन वरून काळी, कठीण आणि गुरांच्या खुरांनी तुडवून खडबडीत झालेली आहे. तेथील भिक्खूंना बहुपदरी वहाणा वापरू द्याव्यात. ज्याने माळव्यापासून मराठवाड्यापर्यंतचे काळे रान उन्हाळ्यात पाहिले आहे, त्याला या वर्णनाचे स्पष्टीकरण नको. पावसात खुरांनी चिखल तुडवला जातो, ऊन पडले की तो तसाच वाळतो, आणि त्या कडांवर पाय ठेवणे दगडावर ठेवण्यासारखे होते. भगवंतांनी ती विनंती मान्य केली. मध्यदेशात जी वहाण निषिद्ध, ती सीमाप्रदेशात विहित झाली. जमीन बदलली तर वहाण बदलावी, हा विवेक आजच्या अनवाणी-प्रचारकांच्या लेखनात आम्हांस क्वचितच आढळतो. काळ्या रानात उन्हाळ्यात अनवाणी धावण्याचा सराव करणाऱ्याने निदान एवढे ध्यानात घ्यावे की अडीच हजार वर्षांपूर्वी येथील चालणाऱ्यांनी त्याच मातीसाठी जाड तळ मागून घेतला होता.

राहता राहिली पायांची निगा. चालून आल्यावर पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, उजेडात तळवे पाहावेत. काटा, चीर, फोड, रंग बदललेली जागा रोजच्या रोज दिसली पाहिजे. टाचांना भेगा पडल्या असल्यास कोमट पाण्यात पाय भिजवून, पुसून, रात्री खोबरेल किंवा कोकमाचे तेल लावावे. घट्टे ब्लेडने कापू नयेत. महावग्गाच्या भेसज्जक्खन्धकात पिलिंदवच्छ थेरांचे पाय फुटल्याची नोंद आहे, आणि त्यानिमित्ताने भिक्खूंना पायांस तेल चोळण्याची अनुज्ञा मिळाली. आगंतुक भिक्खूसाठी पाय धुण्याचे पाणी, पाय ठेवण्यास पाट आणि पाय घासण्याचे साधन मांडून ठेवावे, असेही विनयात सांगितले आहे. आपल्या बहुतेक विहारांच्या दाराशी चपलांचा ढीग असतो, पण पाय धुण्यास नळ नसतो. दाराजवळ एक नळ, एक बसका ओटा आणि जाड तरटाचा तुकडा एवढी व्यवस्था विहार समित्यांस अल्प खर्चात करता येईल.